डेअरीपर्यंतचं चालणं

"मना आंडोर दोन पावलं चालस नि दमी जास, ताई. त्याले व्यायाम कसा झेपी?"

अमळनेरजवळच्या खेड्यातली ही आई. मुलगा एकतीस वर्षांचा, डाउन सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जास्तीचं. दिवस सगळा ओट्यावर, वजन वाढतंच चाललेलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या मुलांचे आईवडील माझ्याकडे बहुतेक हीच भीती घेऊन येतात : हलवलं आणि काही झालं तर?

भीती उगाच नव्हती. डाउन सिंड्रोममध्ये जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो, थायरॉइड मंदावणं नेहमीचंच, आणि काहींचा मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. म्हणून आधी डॉक्टर. हृदय ठीक निघालं, थायरॉइड कमी. गोळी सुरू झाली. घरच्यांनी वर्षानुवर्षं लावलेला 'आळशी'चा शिक्का निम्मा तिथंच पुसला गेला. मानेच्या त्या सांध्यापायी कोलांट्या मात्र डॉक्टरांनी बंदच सांगितल्या. चाल बिघडली, हाताला मुंग्या आल्या किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर लगेच दवाखाना, हे मी आईकडून दोनदा म्हणवून घेतलं.

पुढची चूक माझी. व्यायामाच्या चित्रांचा तक्ता करून दिला. पंधरा दिवसांनी गेले तर तक्त्यातल्या माणसाला त्यानं मिशा काढल्या होत्या. व्यायाम शून्य.

काका म्हणाले, "डेअरीला जायची वेळ झाली का हा आपसूक उठतो."

मग त्याच्याकडे दुधाची छोटी किटली दिली. रोज सकाळी काकांसोबत डेअरी, जाऊन-येऊन वीस मिनिटं. अक्षमता असलेल्या प्रौढांनीही आठवड्याला किमान 150 मिनिटं हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून सांगते. आईला मी तो आकडा सांगितलाच नाही, घाबरली असती. पहिले काही दिवस तो वाटेतल्या निंबाखाली बसायचा, काका थांबायचे.

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा उन्हं चढायच्या आत निघायचं. तहान लागली हे तो सांगत नाही, त्यामुळे न विचारता पाणी पुढं करायचं.

परवा काका लग्नाला गेले होते. हा किटली घेऊन दारात उभा. शेवटी आईच निघाली. फोनवर तक्रार होती, "तो पुढे पळस ताई, मीच दमी जास."