तुमचे प्रश्न : सुई बदलू नका!

प्रश्न : एक्सटीसी या इंग्लिश बँडची ‘स्कायलार्किंग’ ही जुनी रेकॉर्ड घेतली. न्यू वेव्हवाल्यांकडे (पंकनंतरचं शहरी रॉक हो!) रेकॉर्डवर ऐकू येणारे हे रातकिडे कुठून आले? आणि आवाज इतका पातळ का? सुई बदलू का?

उत्तर : थांबा, सुईवर पैसे घालू नका. १९८६च्या मूळ रेकॉर्डमध्ये ध्वनीची ध्रुवता, म्हणजे संकेताचे अधिक-उणे, उलटी झाली होती, त्यामुळे बेसमधला जीवच गेला. पुढे मास्टरिंग करणाऱ्या जॉन डेंट यांच्या ते लक्षात आलं आणि २०१०मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. ती हाती येईतोवर घरच्या दोन्ही स्पीकरच्या तारा लाल-काळ्या अदलाबदल करून जोडा. (दोन्ही हं, एकाच्या नव्हे!) मीही कित्येक वर्षं बिचाऱ्या स्पीकरलाच शिव्या घातल्या.

रातकिड्यांचं म्हणाल, तर बँडची मंडळी इंग्लंडमधल्या स्विंडनची, विल्टशरची, कुरणं हाकेवर. पण हे हिरवंगार काम झालं अमेरिकेत. निर्माते टॉड रंडग्रेन यांनी डेमो ऐकून गाण्यांचा क्रम आधीच ठरवला, म्हणून बँडचे म्होरके अँडी पार्ट्रिज यांच्याशी खडाजंगीही झाली. माझ्या मते रंडग्रेनच बरोबर होते. पहिलं गाणं संपता संपता बँडचेच बेसवादक कॉलिन मोल्डिंग यांचं ‘ग्रास’ कधी सुरू होतं ते ऐका. सांधा सापडत नाही.