इटालियन सिंड्रेला तिसरी-चौथीच्या पोरांना कशी दाखवू?

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. शाळेत प्रोजेक्टर आलाय, त्यावर रोसिनी या इटालियन संगीतकाराचा सिंड्रेलाचा ऑपेरा, म्हणजे गाण्यांतून रंगणारं नाटक, दाखवायचं मनात आहे. पण सगळं इटालियनमध्ये, अडीच तासांचं, पोरं बसतील का? आधी काय सांगू?

उत्तर : बाई, नक्की दाखवा! भाषेची धास्ती तर अजिबात नको, आपल्याकडची पोरं घरात मराठी, बसमध्ये कन्नड, टीव्हीवर हिंदी ऐकतच वाढतात, न कळणारं गाणं त्यांना परकं वाटत नाही. पोरं कंटाळतात ती कोण कोणाचा कोण हे कळलं नाही की, आणि इथे तर राजपुत्र नोकर बनून येतो आणि त्याचा नोकर दांदिनी राजपुत्र बनून मिरवतो. म्हणून आदल्या दिवशी वर्गात दोन पोरांच्या टोप्या अदलाबदल करून हा घोळ खेळून घ्या.

मग पोरं काचेचा बूट शोधणार, तो यात नाहीच. परी नाही, भोपळ्याची गाडी नाही, सावत्र आईच्या जागी डॉन मान्यिफिको हा सावत्र बाप, आणि परीचं काम राजपुत्राचा गुरू अलिदोरो करतो. बुटाऐवजी कंकणांची जोडी आहे. अँजेलिना, म्हणजे आपली सिंड्रेला, एक कंकण राजपुत्राला देते आणि म्हणते मला शोध, याचा जोडीदार माझ्या उजव्या हातात दिसेल, आणि तेव्हाही मी आवडले तर मी तुझी. म्हणजे अट ती घालते!! मला हे मूळ गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त आवडतं, मुलींना मुद्दाम सांगा.

एका दमात अडीच तास नकोच. सुरुवातीला मान्यिफिकोचं स्वप्नाचं गाणं दाखवा, गाढवाला पंख फुटतात आणि ते उडून घंटेच्या मनोऱ्यावर जाऊन बसतं, पोरं लोळतील हसून. मग थेट दुसऱ्या अंकातलं वादळ. खानापूरच्या पोरांना पाऊस काय शिकवायचा, आधी बारीक थेंब, मग सगळा ऑर्केस्ट्रा धो धो, ती आपणहून ओळखतील. त्याच वादळात राजपुत्राची गाडी मोडते, तो अँजेलिनाच्या घरात येतो, कंकण ओळखतो आणि सहा जण थक्क होऊन एकत्र गायला लागतात, एकेक अक्षर तोडून, र तर असा घोळवून की वर्गात दिवसभर तेच चालेल, चालू द्या. रोसिनीची आणखी एक खोड म्हणजे तोच तुकडा परत परत, दर वेळी आवाज थोडा वाढवत. बाकावर एका बोटानं ठोकायला लावा, मग दोन, मग पंजा, मग सगळा वर्ग, पोरांना बरोबर कळतं.

हे सगळं संगीत रोसिनीनं तीन-साडेतीन आठवड्यांत लिहिलं, वय 24, पहिला प्रयोग रोममध्ये जानेवारी 1817 ला. आणि 'संगीत शाकुंतल' 1880 मध्ये रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे हेही सांगा, गाण्यातून नाटक हे आपल्या मातीला काही नवं नाही.

शेवटचं गाणं मात्र कापू नका. तिथे अँजेलिना सावत्र बापाला नि बहिणींना माफ करते. गाणं संपलं की पोरांना विचारा, तुम्ही केलं असतं का माफ? उत्तरं घाईनं आवरू नका, भांडू देत थोडी.