गीरचे सिंह मुळात आफ्रिकेतून आणलेले आहेत का? नसतील तर आफ्रिकेबाहेर सिंह कुठे कुठे होते आणि त्यांच्या उपप्रजाती किती?

नाही, आणलेले नाहीत. हा प्रश्न अधूनमधून कुणीतरी विचारतंच, आणि खाली कुणीतरी ‘नवाबाने बोटीतून आणले होते’ असं ठोकून देतंच. म्हणून लिहायला बसलो.

आमचं घराणं बडोद्याचं. गीर म्हटलं की लोकांना फक्त जुनागढचा नवाब आठवतो. पण पूर्वेकडचा धारी-खांभा आणि खाली कोडिनार हा मुलूख गायकवाडांच्या अमरेली प्रांतात होता, आणि तिथल्या कचेऱ्यांत मराठी माणसं होती. माझे पणजोबा धारीला कारकून होते. त्यामुळे या सिंहांना कुणी उपरे म्हटलं की मला जरा जास्तच लागतं.

आमचे दाजी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा सगळं कुटुंब सासणला गेलं होतं. पहाटेची जिप्सी, थंडी, शेजारी दाजी. सागाच्या वाळक्या पाल्यावर एक सिंहीण पसरली होती. ती उठली, पुढचे पाय लांबवून आळस दिला आणि जिप्सीला वळसा घालून निघाली. पोटाखाली कातडीची लांबलचक घडी, चालताना झोलासारखी डावी-उजवीकडे हलत होती. दाजी म्हणाले, “हिचंही पोट सुटलंय की.” गाइडने नम्रपणे सांगितलं, साहेब, ही इथल्या सिंहाची खूण आहे. आफ्रिकेतल्या सिंहात ती क्वचित दिसते. पुढे नरही दिसला. डोक्यावरची आयाळ इतकी विरळ की दोन्ही कान उघडे. हाही इथल्या नराचा ठसा.

परतताना जांबूरला थांबलो. सिद्दींचं गाव. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, हे खरंच. चहाचा कप हातात घेऊन दाजींनी जाहीर केलं, “बघा, माणसं आफ्रिकेतून आली, तर जनावरंही त्याच बोटीतून आली असणार. नवाबाला शौक होता.” मी तोंड उघडलं आणि आईने डोळ्यांनी दटावलं. जावईमाणूस! मग रात्री जेवताना दाजींनी मोबाइल काढला आणि हुकमी पान टाकलं. २०१७ साली शास्त्रज्ञांनी गीरचा सिंह आणि आफ्रिकेचा सिंह एकाच उपप्रजातीत टाकले. “आता बोला!”

तेव्हा बोलू दिलं नाही, आता बोलतो.

दाजींनी बातमी अर्धीच वाचली होती. गीरच्या सिंहाला १८२६पासून पर्सिका हे उपप्रजातीचं नाव होतं, कारण वर्णन झालं ते इराणच्या सिंहावरून. त्या काळी ज्याला जो सिंह दिसेल त्याला तो नवं नाव देई. कुणी बंगालच्या नावाने दिलं, तर १८३३मध्ये कॅप्टन स्मी या इंग्रजाने इथल्या सिंहाला ‘गुजरातचा बिनआयाळीचा सिंह’ म्हणून गुजरातच्या नावाने उपप्रजातच काढली. २०१७मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या मार्जारकुळाच्या तज्ज्ञगटाने ही सगळी गर्दी झाडून दोनच उपप्रजाती ठेवल्या. लिओ, म्हणजे पश्चिम, मध्य व उत्तर आफ्रिका आणि आशिया. आणि मेलानोकाइटा, म्हणजे पूर्व व दक्षिण आफ्रिका. गीरचा सिंह पहिलीत आहे. त्याचा जवळचा नातेवाईक म्हणजे मोरोक्को-अल्जीरियाचा बार्बरी सिंह, जो जंगलातून नामशेष झाला.

आता सिद्दींच्या बोटी आठवा. त्या बहुतेक कुठून येत? पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून. तिथले सिंह मेलानोकाइटात मोडतात. नवाबाने खरंच बोटीतून सिंह उतरवले असते तर गीरचे सिंह त्यांच्याशी जुळले असते. म्हणजे दाजींचं हुकमी पान दाजींच्याच अंगावर आलं.

आफ्रिकेबाहेर कुठे कुठे, तर ही एक सलग पट्टी होती: ग्रीस, तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण, बलुचिस्तान, सिंध आणि मग उत्तर हिंदुस्थान, पूर्वेला थेट झारखंडातल्या पलामूपर्यंत. युरोपचं ऐकून लोक हसतात. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिलंय की इ.स.पू. ४८०मध्ये इराणी सम्राट झर्क्सिसची फौज मॅसिडोनियातून जात असताना रात्री सिंह डोंगरावरून उतरत आणि माणसं, घोडे, बैल सोडून फक्त सामानाचे उंट मारत. बाल्कनमध्ये सिंहांची हाडंही सापडली आहेत. इराकमधल्या असुरबानिपाल या प्राचीन असिरियन राजाच्या राजवाड्यातले शिकारीचे कोरीव पट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यात बाणांनी कंबर मोडलेली सिंहीण पुढच्या दोन पायांवर धड ओढत नेताना कोरली आहे. ज्याने ती कोरली त्याने सिंह ऐकीव नव्हे, डोळ्यांनी पाहिले होते. इराणमध्ये तर १९४०च्या दशकापर्यंत सिंह होते.

आपल्याकडचं बघा. १६१७मध्ये इंग्लंडचा राजदूत टॉमस रो जहांगीराच्या मागोमाग मांडूला मुक्कामाला होता. त्याच्या अंगणातून एक सिंह आणि एक लांडगा रोज रात्री शेळ्या-मेंढ्या उचलत. बंदूक असूनही त्याला आधी बादशहाची परवानगी काढावी लागली, कारण सिंहाची शिकार हा बादशहाचाच मान. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत राजस्थान आणि मध्य भारतात सिंह मारल्याच्या नोंदी आहेत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये किनिअर यांनी १९२०मध्येच या सगळ्या नोंदी एकत्र मांडल्या. मोबाइल काढायचाच होता तर तो लेख शोधायचा.

मग बोटीतून आणलेल्या सिंहांची गोष्ट आली कुठून? ती खरी आहे, पण जुनागढची नाही, ग्वाल्हेरची! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माधवराव शिंद्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवले आणि श्योपूरच्या जंगलात सोडले. ते गुरांवर आणि माणसांवर उठले, आणि प्रयोग फसला. गोष्ट तोंडोतोंडी फिरत गेली आणि शिंद्यांचे सिंह नवाबाच्या नावावर चढले. नवाबाने केलं ते उलटं: होते नव्हते ते, अगदी काही डझनांवर आलेले सिंह, शिकाऱ्यांपासून राखले. २०२५च्या गणनेत ते ८९१ भरले.

श्योपूर म्हणजेच मध्य प्रदेशातल्या आजच्या कुनो अभयारण्याचा परिसर. गीरचे काही सिंह कुनोला हलवा, असा निकाल सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१३मध्ये दिला. आजवर एकही हलला नाही. तिथे २०२२मध्ये नामिबियाचे चित्ते मात्र येऊन पोचले. २०१८मध्ये धारीकडच्याच दलखाणिया रेंजमध्ये दोन डझनांच्या आसपास सिंह मेले, त्यात कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूरोगाची लागण निघाली. याच रोगाने १९९४मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह नेले होते. सगळे सिंह एका कोपऱ्यात ठेवणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे. माझ्या गुजराती मित्रांना हे ऐकवत नाही, आणि बडोद्यात राहून मी ते रोज ऐकवतो. “एकच उपप्रजात आहे ना, मग कुनोत आफ्रिकेचेच सोडा” असं दाजी म्हणाले होते. हाच प्रयोग शिंद्यांनी करून पाहिलाय, दाजी.

काही गोष्टी राहिल्या. दोनच उपप्रजाती मानणं सगळ्यांना पटलेलं नाही, अनेक जण अजून पर्सिकाच लिहितात, आणि इथियोपियाच्या बाजूला दोन्ही गटांची सरमिसळ आहे. पोटाची घडी एकट्याने पुरावा होत नाही. मुघलांच्या काळी काही परदेशी सिंह भेटीदाखल आले असतील, ते मी नाकारत नाही. श्रीलंकेचा म्हणून जो प्राचीन सिंह सांगतात तो जवळजवळ दोन दातांवर उभा आहे, त्यावर भिस्त ठेवू नका. हिमयुगातला नामशेष गुहासिंह ही वेगळीच प्रजात, ती या हिशेबात धरलेली नाही. आणि महाराष्ट्राचं विचाराल तर ऐतिहासिक काळात नर्मदेच्या दक्षिणेला सिंहाचा खात्रीचा पुरावा नाही. देवळांवरचे सिंह दाखवून वाद घालू नका, शिल्पी काहीही कोरतात.

वाद घालायचाच असेल तर ग्वाल्हेरपासून सुरुवात करा. जुनागढपासून केलीत की समोरचा लगेच सिद्दी काढतो.