घाबरल्यावर बाळ कुणाकडे पळतं? वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात, अटॅचमेंट. रील्समुळे हा शब्द एवढा फिरलाय की काही आयांना डिलिव्हरीच्या आधीच त्याची धास्ती बसलेली असते. पुस्तकात 'अनुबंध' वगैरे लिहितात, घरात आपण लळा म्हणतो, पण लळा आणि हे अगदी सेम नाही. लळा काय, रोज चॉकलेट देणाऱ्या शेजारच्या काकांचाही लागतो. अटॅचमेंट म्हणजे कुत्रा अंगावर भुंकला, रात्री ताप चढला, दारात अनोळखी दाढीवाला माणूस आला, की पोर कुणाच्या पायाला मिठी मारतं ते. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : मुलगी १४ महिन्यांची आहे, महिनाभर पाळणाघरात जाते. सकाळी सोडताना इतकी रडते की लिफ्टपर्यंत आवाज येतो. संध्याकाळी घ्यायला गेले की धावत येते, कडेवर चढते, पाच मिनिटं चिकटून हुंदके देते आणि मग मावशींना टाटा करते. सासूबाई म्हणतात पोर मनातून तुटली. जॉब सोडू का? (एक आई, पुणे)

ताई, सासूबाईंनी सकाळ बघितली, तुम्ही संध्याकाळ बघितलीत, आणि मी तुमची संध्याकाळ जास्त धरते.

का ते सांगते. मेरी एन्सवर्थ नावाच्या बाईंनी अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षभराच्या बाळांचा एक प्रयोग केला होता, १९७८ साली त्याचं सगळं मिळून पुस्तक आलं. एक खोली, खेळणी, आई, बाळ आणि एक अनोळखी बाई. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते, असे आठ छोटे टप्पे, बरेचसे तीन-तीन मिनिटांचे, आणि बाळ फारच रडलं तर टप्पा आधीच थांबवायचा. आता आपल्याला वाटतं की आई गेल्यावर जे रडतं ते कमकुवत आणि जे खेळत बसतं ते शहाणं. पण एन्सवर्थबाईंचं लक्ष होतं आई परत आल्यावर बाळ काय करतं त्यावर. साधारण दोन तृतीयांश बाळं आईकडे गेली, रडत असतील तर कुशीत शांत झाली आणि परत खेळायला लागली, यांना सुरक्षित म्हटलं, मग ती आधी कितीका रडलेली असेनात. काही बाळं आई आली तरी मान फिरवून खेळण्यात डोकं घालून बसली, आपल्याकडे अशा बाळाचं किती कौतुक होतं, 'काही त्रासच नाही हो याचा', पण नंतर लोकांनी अशा बाळांच्या छातीचे ठोके मोजले तर ते वाढलेले निघाले, म्हणजे आत कालवाकालव होतीच, फक्त दाखवायची नाही हे ते शिकलं होतं. आणि थोडी बाळं आईला चिकटायची पण, लाथाही मारायची पण, शांत काही होईनात. चौथा प्रकार १९८६ साली मेरी मेन आणि जुडिथ सॉलोमन यांनी मांडला, त्यात बाळ मध्येच थिजतं किंवा पाठमोरं आईकडे सरकतं, जणू जिच्याकडे जायचं तिचीच भीती वाटते. मारहाण, दुर्लक्ष असलेल्या घरांत हा जास्त दिसतो.

आता तुमची मुलगी. येते, रडते, शांत होते, वर टाटा करते. यात तुटलेलं काय आहे? (आणि प्लीज, हा प्रयोग हॉलमध्ये दारामागे लपून करत बसू नका, त्याचं रेकॉर्डिंग वाचायला वेगळं ट्रेनिंग लागतं.)

पाळणाघराबद्दल अमेरिकेतच दहा ठिकाणच्या हजाराहून जास्त मुलांचा अभ्यास झालाय, पहिला मोठा रिपोर्ट १९९७ चा. किती तास ठेवलं, कितव्या महिन्यात ठेवलं, नुसत्या तेवढ्यावरून अटॅचमेंट बिघडलेली दिसली नाही. आई घरी बाळाचं बोलणं-रडणं फारसं मनावर घेत नाही आणि त्यात पाळणाघरही वाईट किंवा सारखं बदलतंय किंवा तास जास्त, असं दोन्हीकडून कात्रीत सापडलं की धोका वाढत होता. म्हणून जॉब सोडण्याआधी हे विचारा, एका मावशीकडे किती पोरं आहेत आणि मावशी किती महिने टिकतात. दर दोन महिन्यांनी मावशी बदलत असेल तर भिंतीवरच्या मिकी माऊसचा काही उपयोग नाही. आणि सकाळी तिची नजर चुकवून सटकू नका, रडली तरी सांगून जा. ऑफिसमध्ये ५० किंवा जास्त माणसं असतील तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. एचआर स्वतःहून सांगेलच असं नाही, विचारून बघा.

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचं. रडलं की मी उचलते. घरात सगळे ओरडतात, हाताची सवय लागेल, डोक्यावर बसेल. (नाशिक)

तीन महिन्यांच्या बाळाला डोक्यावर बसायचा प्लॅन करता येत नाही, त्याला अजून मान नीट धरायची पंचाईत.

१९७२ साली सिल्व्हिया बेल आणि एन्सवर्थ यांनी लिहिलं की पहिल्या काही महिन्यांत ज्यांच्या रडण्याला पटकन ओ मिळाली ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. प्रामाणिकपणे पुढचंही सांगते, १९९१ साली हॉलंडमध्ये हेच पुन्हा तपासलं तेव्हा निकाल एवढा सरळ आला नाही, बारीक कुरकुरीला जरा थांबून बघितलं तर काही बिघडत नाही असंच चित्र होतं. म्हणजे दूध उतू जाताना आधी गॅस बंद केलात म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. पण सवय लागेल म्हणून मुद्दाम रडत ठेवायला यात काहीच आधार नाही. उलट १९९० चा न्यूयॉर्कचा एक छोटा अभ्यास आहे, ४९ गरीब घरांतल्या आया, अर्ध्यांना बाळ अंगाशी बांधायची कापडी झोळी दिली आणि अर्ध्यांना प्लास्टिकची बेबी सीट, चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटप. बाळं १३ महिन्यांची झाल्यावर झोळीवाल्यांत ८३ टक्के सुरक्षित निघाली, सीटवाल्यांत ३८. अभ्यास छोटा आहे, आकडा डोळे मिटून घेऊ नका, पण पाठीला बाळ बांधून शेतात जाणाऱ्या आपल्या बायांना यात नवल वाटणार नाही.

प्रश्न : हे सगळं गोऱ्यांचं. आपल्या एकत्र कुटुंबाला कशाला लावता? (एक आजोबा, सांगली)

आजोबा, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. पण एन्सवर्थबाईंनी सुरुवात बाल्टिमोरला केलेली नाही, युगांडात केली, १९५४-५५ साली कंपालाच्या आसपासच्या गावांत २६ कुटुंबांच्या घरी जाऊन बसल्या, तिथे बाळं अनेक हातांत वाढत होती. आणि १९८८ साली आठ देशांतले ३२ अभ्यास एकत्र केले तेव्हा सुरक्षित बाळंच सगळीकडे जास्त निघाली, एका देशातल्या दोन अभ्यासांमधला फरक हा दोन देशांमधल्या फरकापेक्षा मोठा होता.

आता तुमची अर्धी बाजू. जपानात साप्पोरोला हीच खोलीवाली परीक्षा घेतली तर आईकडे पाठ फिरवणारं बाळ एकही सापडलं नाही आणि चिकटून शांत न होणारी भरपूर, कारण ती बाळं आईपासून फारशी लांब राहिलेलीच नव्हती, तीन मिनिटं एकटं म्हणजे त्यांना आभाळ कोसळल्यासारखं. परीक्षा तीच पण पेपर अवघड झाला. आणि अटॅचमेंटची मूळ थिअरी मांडणारे जॉन बोल्बी एकाच व्यक्तीवर, म्हणजे आईवर, फार भर द्यायचे, ते मला स्वतःला सगळ्यात कच्चं वाटतं. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या ६० बाळांच्या १९६४ च्या अभ्यासातच दीड वर्षापर्यंत फक्त एकाच माणसाची ओढ असलेली बाळं १३ टक्केच उरली होती, बाकीच्यांचे बाबा, आजी, भावंडं असे दोन-तीन तरी ठेवणीतले होतेच.

फक्त एक, घरात सहा माणसं आहेत म्हणजे बाळाला सहा आधार आहेत असं नसतं, कधीकधी सहा माणसं आणि बाळ मोबाईलकडे असंही असतं.

प्रश्न : ऑनलाईन टेस्ट दिली, मी 'अव्हॉयडंट' (जवळीक टाळणारा) निघालो. वय २७. आईने लहानपणी मला जवळ घेतलं नाही म्हणून माझं ब्रेकअप झालं का?

मित्रा, आईला फोन लावायच्या आधी हे वाच.

तू दिलेल्या टेस्टचं खापरपणजोबा म्हणजे १९८७ सालची एक प्रश्नावली, हेझन आणि शेव्हर यांनी अमेरिकेत डेनव्हरच्या एका पेपरात छापली, प्रेमाबद्दलचे तीन परिच्छेद, तुमच्यासारखा कुठला वाटतो त्यावर खूण करा. उत्तरं आली त्यांत ५६ टक्के सुरक्षित, २५ टक्के टाळणारे, १९ टक्के सारखी धाकधूक असलेले. कल्पना चांगलीच होती, त्यातून बराच रिसर्च पुढे आला. पण ती सांगते की आज तुला जवळिकीत कसं वाटतं. तू एक वर्षाचा असताना आई काय करत होती हे तिला कुठून कळणार?

आणि लहानपणचा पॅटर्न मोठेपणापर्यंत जातो का, तर थोडाफार. सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर संबंध मध्यम आहे, आणि वर्षं वाढत गेली तसा तो आणखी विरत जातो. मध्ये शाळा येते, मित्र येतात, कुणी गेलेलं असतं, कुणी जीव लावलेला असतो. शिवाय प्रत्येक बाळ आपला पिंड घेऊन येतं, थॉमस आणि चेस या जोडप्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहून हेच दाखवलं की काही बाळं पहिल्यापासून सोपी, काही हट्टी, काही नव्या माणसाला हळूहळू सरावणारी. स्वभाव आणि घर यांचं जमलं की नाही यावर पुढचं बरंचसं अवलंबून असतं. तुझ्या आईने काय केलं ते मला माहीत नाही, पण एका रीलवरून तिची केस चालवू नकोस.

एक मात्र खरं. मेरी मेन यांनी मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारायची एक पद्धत बसवली, त्यात बालपण कसं गेलं यापेक्षा माणूस ते कसं सांगतो हे बघतात. वाईट गेलेलं बालपणही जो न लपवता, न भडकता, सलग सांगू शकतो, त्याचं स्वतःचं मूल बऱ्याचदा सुरक्षित निघतं. त्यामुळे टेस्ट बंद कर आणि ज्याच्याशी बोलावंसं वाटतं अशा एका माणसाशी, हवं तर काउन्सेलरशी, बोल.

प्रश्न : आम्ही दत्तक घेतोय, मुलगा २० महिन्यांचा आहे. नातेवाईक म्हणतात, उशीर झाला, आता लळा लागणार नाही.

लागतो. रोमानियात १९८९ नंतर तिथल्या अनाथालयांची अवस्था जगासमोर आली, मग बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा अभ्यास झाला, वय सहा ते एकतीस महिने, निम्म्यांना चिठ्ठी टाकून चांगल्या कुटुंबांत ठेवलं. ज्यांना साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालं त्यांची अटॅचमेंट जास्त चांगली सावरली. दोन वर्षं ही लक्ष्मणरेषा नाही, नंतर आलेल्यांचंही भलं झालं, फक्त कमी.

आल्या आल्या तो कुणाच्याही कडेवर जाईल, सगळे म्हणतील किती गोड, किती मिसळतो. संस्थेतून आलेल्या मुलात हे 'सगळे सारखेच' असं असू शकतं. म्हणून पहिले काही महिने भरवणं, आंघोळ, झोपवणं तुम्ही दोघांनीच करा. पाहुण्यांनी चहा प्यावा, कौतुक करावं, पण बाळ या हातातून त्या हातात फिरवायला नको. राग येईल लोकांना, येऊ दे.

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा, सहा महिन्यांचा असल्यापासून आमच्याकडे. मुलगा-सून बंगळुरूला असतात, महिन्यातून एकदा येतात. आता शाळेसाठी नेणार आहेत. तो मला आई म्हणतो. सून म्हणते एकदाच नेऊ, रडेल आठ दिवस, विसरेल. (एक आजी, सातारा जिल्हा)

आजी, मगाशी बोल्बी म्हटलं ना, त्यांचीच गोष्ट ऐका. १९०७ चा जन्म, लंडनचं श्रीमंत घर, आई दिवसातून तासभर दिसायची, बाकी सगळं मिनी नावाच्या दाईकडे. ते चार वर्षांचे असताना मिनी काम सोडून गेली. मोठेपणी त्यांनी सांगितलं की आई जावी तसंच ते होतं. पुढे आयुष्यभर ते मुलांच्या ताटातुटीवरच काम करत राहिले.

त्यांच्यासोबत जेम्स रॉबर्टसन म्हणून होते. त्या काळी इंग्लंडात हॉस्पिटलमधल्या मुलांना आईबापांना फार भेटू देत नसत, पोर रडतं, दोन-चार दिवसांत 'सेटल' होतं म्हणून. रॉबर्टसननी १९५२ साली एका दोन वर्षांच्या मुलीचं आठ दिवसांचं शूटिंग करून दाखवलं. ही शांत व्हायची पायरी म्हणजे विसरणं नव्हतं, आधी आकांत, मग खिन्नपणा, मग अलिप्तपणा. आई भेटायला आली की पोर लगेच तिच्याकडे जाईना. १९५९ मध्ये सरकारी कमिटीनेच भेटीच्या वेळा मोकळ्या करा असं सांगितलं.

म्हणून सूनबाईंना प्रेमाने सांगा, 'विसरेल' यावर भरवसा ठेवू नका. तुमच्याशी त्याचं जे जुळलंय ते चांगलं जुळलंय, ज्याला एकदा नीट जुळता आलं त्याला दुसऱ्यांदा जुळायला सोपं जातं, आईचं काही कमी होणार नाही. नेण्याआधी त्या दोघांनी सुट्टी काढून साताऱ्यात पंधरा दिवस राहावं, भरवणं-झोपवणं हळूहळू आपल्याकडे घ्यावं, तुम्ही घरात पण जरा मागे. मग तुम्ही सोबत बंगळुरूला जा, महिनाभर राहा, आणि निघायच्या दिवशी सांगून निघा, बाजारात जाते असं खोटं नको. रोज एकाच वेळी व्हिडिओ कॉल, रडला तरी बंद करू नका. पहिले काही आठवडे तो आईला ढकलेल, रात्री उठेल, सुटलेली शी-शूची सवय परत लागेल, सुनेने मनाला लावून घेऊ नये, पोर तिला तपासून बघतंय. तिच्यासमोर 'माझ्याकडे असं नव्हतं हो करत' हे वाक्य तेवढं गिळा, कठीण आहे, पण गिळा. 'आई' म्हणतो तर म्हणू दे, दोन आया असल्या तर त्याला गोंधळ होत नाही, मोठ्यांनाच होतो.

तो ज्या गोधडीत झोपतो ती सोबत द्या. निघायच्या आधी धुवू मात्र नका, तुमचा वास राहू दे तिला.