याद्यांबाहेरचे गिटार सोलो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘सर्वोत्तम गिटार सोलो’ची कुठलीही यादी काढा, तीच दहा-बारा गाणी. ती ऐकून ऐकून पाठ झाली. पलीकडचं काही सुचवाल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : स्टीली डॅन हा अमेरिकी रॉक बँड घ्या. या बँडचे कर्तेधर्ते डोनाल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर सोलोसाठी (गाण्यात गिटार एकटी पुढे येऊन वाजते तो भाग) अनेकदा बाहेरचे वादक बोलवायचे आणि टेक (एकदा केलेलं रेकॉर्डिंग) मनासारखा आला नाही की सरळ बाजूला टाकायचे. गाणी गाजली, वाजवणाऱ्यांची नावं मात्र रेकॉर्डच्या मागच्या बाजूलाच राहिली. ‘पेग’मध्ये (१९७७) कित्येकांचे टेक नाकारल्यावर जे ग्रेडनचा ठेवला. त्यात सूर एका फ्रेटवरून (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) दुसऱ्यावर घसरत जातात, आणि ते घसरणं कुठे थांबतं तिकडे कान ठेवा.

‘रीलिन इन द इयर्स’ (१९७२) सुरूच होतं ते एलियट रँडलच्या सोलोने. त्याने स्ट्रॅटोकास्टर गिटारला मानेकडच्या जागी हंबकर पिकअप (तारांचा आवाज पकडणारा दुहेरी कॉइलचा भाग) बसवला होता आणि गिटार जोडली होती अँपेग एसव्हीटीला, म्हणजे चक्क बेस गिटारच्या अँपला (अ‍ॅम्प्लिफायरला). आवाजाला जाडी आहे, तरी प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो तो त्यामुळे. पण या बँडचा एकच सोलो ऐकायचा असेल तर ‘किड शार्लमेन’ (१९७६). वादक लॅरी कार्लटन, गिटार गिब्सन ईएस-३३५. सोलो सलग वाजवलेला नाही, दोन तुकड्यांत रेकॉर्ड करून जोडलेला आहे. सांधा शोधून बघा. गाण्याच्या शेवटी आवाज विरत जातो तिथेही तो वाजवतोच आहे. लोक तिथे पुढचं गाणं लावतात, तेवढं करू नका.

प्रश्न : हाच ‘किड शार्लमेन’चा सोलो कानाने बसवायचा प्रयत्न करतोय. टॅब बघून बोटं बरोबर पडतात, तरी तसं वाजत नाही. – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : टॅब (कुठली तार कुठल्या फ्रेटवर दाबायची ते आकड्यांत लिहिलेला कागद) बाजूला ठेवा. टॅबमध्ये फ्रेट कळतो, सूर किती वेळ धरला आणि कुठे सोडला ते कळत नाही. आधी नुसत्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) वाजवायला शिका. इथे त्या भराभर बदलतात, त्यामुळे एकच पाच सुरांचं पेंटाटॉनिक स्केल दामटून भागत नाही; कार्लटन प्रत्येक कॉर्डचे सूर पकडत जातो. मग स्लो-डाउन अ‍ॅपमध्ये वेग ७० टक्के करा आणि दोन-दोन मात्राखंडांचा लूप लावा. तुकडा आधी गाऊन दाखवता आला पाहिजे, मगच गिटार हातात. गाता येत नाही तो तुकडा कानात बसलेलाच नसतो. ५० टक्क्यांच्या खाली जाऊ नका, सुरांच्या कडा फाटतात आणि नसलेले सूर ऐकू यायला लागतात. जुन्या रेकॉर्डिंगचा सूर तुमच्या ट्यूनरशी थोडा फटकून असेल तर गिटार पिळत बसण्यापेक्षा अ‍ॅपमध्येच पिच काही सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर-खाली करून घ्या.

प्रश्न : रॉय ब्यूकॅननची गिटार व्हायोलिनसारखी हळूच उमलते. कुठलं पेडल? माझ्याकडे टेलिकास्टरची स्वस्त कॉपी आहे. – एक वाचक, पिंपरी

उत्तर : पेडल नाही, करंगळी. अमेरिकी गिटारवादक ब्यूकॅनन १९५३ची टेलिकास्टर वाजवायचा; तिचं नाव नॅन्सी. फेंडर व्हायब्रोलक्स अँप पूर्ण चढवून ठेवायचा आणि आवाजाचं सगळं काम गिटारवरच्या नॉबने करायचा. ‘रॉय ब्यूकॅनन’ (१९७२) या अल्बममधलं ‘द मसायाह विल कम अगेन’ ऐका. गिटारवादकांत त्याला मान होता, जेफ बेकने १९७५मध्ये ‘कॉज वी हॅव एंडेड अ‍ॅज लव्हर्स’ त्याला अर्पण केलं. बाहेर मात्र नाव फारसं पोचलं नाही. १९८८मध्ये तो गेला.

आता कृती. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडून अँप असा लावा की जोरात छेडलं की आवाज जरा फाटावा, हलकं छेडलं की साफ यावा. मग नॉब शून्यावर. उजव्या हाताची करंगळी नॉबच्या कडेला टेकवा, तार छेडा आणि लगेच करंगळीने नॉब फिरवत आवाज वर आणा. पिकचा ‘टक्’ ऐकू आला तर तुम्ही आधी फिरवताय. सूर मेल्यासारखा आला तर उशीर होतोय, तार तोवर विझत आलेली असते. सुरुवातीला एका सुराला चार मात्रा द्या, दोन चढायला, दोन धरायला. टेलिकास्टरवर नॉब तारांपासून बऱ्यापैकी जवळ असतो. लेस पॉलवर करंगळी एवढी ताणावी लागते की पिकचा कोन बिघडतो.

स्वस्त कॉपीत तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली म्हणजे पॉट, नॉबखालचा आवाज कमीजास्त करणारा भाग. नॉबखालच्या धातूच्या पट्टीचे स्क्रू काढून पॉटचा मागचा भाग बघा. ‘बी’ लिहिलं असेल तर तो लिनिअर (सरळ प्रमाणात बदलणारा). जवळजवळ सगळा आवाज फिरवण्याच्या पहिल्याच टप्प्यात येतो आणि उमलण्याऐवजी उडी मारतो. ‘ए २५० के’ (कानाला सारखा चढ वाटणारा, २५० किलो-ओहमचा) घालून घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो. दुसरी, व्हॉल्यूम खाली असताना आवाज मातकट होणं. त्यासाठी पॉटच्या इनपुटच्या आणि मधल्या पायामध्ये ०.००१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि १५० किलो-ओहमचा रेझिस्टर समांतर डागा. तिसरी चूक वाजवणाऱ्याची, जास्त गेन (अँप किंवा पेडल आवाज किती फाडतं ते). डिस्टॉर्शन पेडल भरपूर चढवलं असेल तर नॉबने आवाज वाढत नाही, नुसता खरखरीतपणा वाढतो. गेन निम्मा करा. नॉब फिरवताना खरखर आली तर बाकी काही करण्याआधी पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो वीसेक वेळा पुढेमागे फिरवा.

ब्यूकॅननची मधूनच येणारी किंकाळी म्हणजे पिंच हार्मोनिक. पिक अगदी टोकाशी धरायचा आणि तार सुटता सुटता अंगठ्याची कड तिला निसटती लावायची. हात अर्धा सेंटिमीटर सरकला तरी वेगळा सूर निघतो, म्हणून आधी एकाच फ्रेटवर बसून जागा शोधा.

प्रश्न : आमच्या गोव्याचा कुणी गिटारवादक जॅझमध्ये झाला का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : झाला, आणि गोव्यातच त्याचं नाव फार कमी ऐकू येतं. अमान्सिओ डिसिल्वा. गोमंतकीय घरातला, जन्म मुंबईचा, १९३६. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनला गेला. १९६९ मध्ये ‘इंटिग्रेशन’ आणि जमैकात जन्मलेल्या सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबर केलेला ‘हम दोनो’, असे दोन अल्बम रेकॉर्ड झाले. ‘हम दोनो’मध्ये ‘बॅलड फॉर गोवा’ आहेच. पण आधी ‘जयपूर’ लावा. ती रचना दोन्ही अल्बमवर आहे, लागोपाठ ऐका. त्या काळात जॅझमध्ये सतार मिसळण्याची फॅशन आली होती आणि त्यातलं पुष्कळसं नुसतं सजावटीचं होतं. डिसिल्वा साधी इलेक्ट्रिक गिटार घेऊन सुरावट मोजक्या सुरांत फिरवतो आणि तिथेच वाढवत नेतो. कॉर्डची गर्दी करत नाही. १९९६मध्ये तो गेला.

प्रश्न : ‘कर्ज’मधल्या त्या गिटारच्या धूनवर पडद्यावर ऋषी कपूर दिसतो. वाजवलं कुणी? – एक वाचक, ठाणे

उत्तर : गोरख शर्मा, संगीतकार प्यारेलाल यांचे बंधू. तसंच ‘चुरा लिया है तुमने जो दिल को’च्या सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची, तेच गायक भूपिंदर.

प्रश्न : फंकाडेलिकच्या ‘मॅगट ब्रेन’ची खूप तारीफ ऐकली, पण दहा मिनिटं काही निभत नाहीत. – एक वाचक, पुणे

उत्तर : ड्रमची वाट बघत असाल तर नाहीच निभणार. फंकाडेलिक या अमेरिकी फंक-रॉक बँडच्या १९७१च्या या रेकॉर्डवर एडी हेझल गिटार वाजवत होता. आई गेल्याचं आत्ताच कळलंय असं समजून वाजव, असं बँडप्रमुख जॉर्ज क्लिंटनने त्याला सांगितलं होतं आणि मिक्स करताना बाकीची वाद्यं जवळजवळ काढून टाकली. मागे फिरत राहते ती सुट्या सुरांची संथ कॉर्डमाला आणि हेझलच्या प्रत्येक वाक्यानंतर येणारा एको. हेडफोन लावा आणि त्याने सोडलेल्या जागा ऐका, तिथे एको उत्तर देतो. वाजवून बघायचं असेल तर डिले पेडल (एको देणारं) ४००च्या आसपास मिलिसेकंदांवर, तीन-चार रिपीट. जास्त ठेवले तर पुढचं वाक्य मागच्यावर चढतं.

प्रश्न : या सगळ्यात बायका कुठे आहेत? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रॉक अँड रोलच्याही आधी. सिस्टर रोझेटा थार्प १९४०च्या दशकात चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवत होती. १९६४मध्ये मँचेस्टरच्या एका बंद रेल्वे स्टेशनवर टीव्हीसाठी तिचा कार्यक्रम झाला. ‘डिडन्ट इट रेन’चं ते चित्रीकरण शोधा. कोट घातलेला, पांढरी गिब्सन गळ्यात, आणि मधला सोलो गाण्याइतकाच ठाम. ती ओपन डी ट्यूनिंग (तारा न दाबता छेडल्या तरी डी कॉर्ड वाजेल अशी जुळणी) वापरायची. जाड तारेपासून डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी : सहावी, दुसरी आणि पहिली एकेक सूर खाली, तिसरी अर्धा सूर खाली, बाकी दोन तशाच. ०.००९ इंचाचा सेट (सगळ्यात बारीक तारेची जाडी) असेल तर तारा सैल पडून फ्रेटवर झणझणतात, म्हणून ०.०११चा घ्या. आणि सूर लावताना तार नेहमी खालून वर चढवत आणा. वरून उतरवलेली तार दोन बेंडनंतर (तार बोटाने ओढून सूर चढवणं) आणखी उतरते.