वाचकांचे प्रश्न : इन्स्टॉलरला नेटवर्क कार्ड का सापडत नाही?

प्रश्न : आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयासाठी नुकताच एक संगणक जुळवून घेतला. माझ्याकडे डेबियन १० (लिनक्सचा एक प्रकार) ची नेटइन्स्ट, म्हणजे बाकीचे भाग नेटवर्कवरून आणणारी, पेनड्राइव्ह होती, ती लावली. इन्स्टॉलर भाषा आणि कीबोर्ड विचारतो आणि त्यानंतर इथरनेट कार्ड सापडले नाही असे सांगून ड्रायव्हरांची लांबलचक यादी पुढे ठेवतो. यादीतून आर८१६९ हा रिअलटेक कार्डांचा ड्रायव्हर निवडला तरी फरक पडत नाही. कार्ड मदरबोर्डवरचेच, रिअलटेकचे, २.५ गिगाबिटचे आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरून लिनक्सचा ड्रायव्हर उतरवून घेतला आहे. तो इन्स्टॉलरमध्ये कसा चढवावा? की डीव्हीडीवरून नेटवर्कशिवाय इन्स्टॉल करून मग पाहावे?

उत्तर : दोन्ही करू नये. आपण उतरवून घेतलेला ड्रायव्हर हा मूळ आज्ञावलीच्या स्वरूपात आहे. तो आधी कंपाइल करावा, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलावा लागतो आणि त्यासाठी लागणारा कंपाइलर व कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) हेडर फाइली इन्स्टॉलरच्या छोट्याशा शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या पडद्यावर, नसतात. दुसऱ्या संगणकावर कंपाइल करून आणावा म्हटले, तर तेथील कर्नल नेमका याच आवृत्तीचा असावा लागतो, अन्यथा मॉड्यूल (कंपाइल झालेला ड्रायव्हर) चढवताना ‘इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ एवढाच संदेश मिळतो. मी स्वतः एकदा या खटाटोपात अख्खी रात्र घालवली आहे, म्हणून आपल्याला कळकळीने सांगतो की त्या वाटेला जाऊ नका.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, ही गोष्ट विंडोजची सवय असलेल्यांच्या चटकन लक्षात येत नाही. त्यामुळे ड्रायव्हर शोधण्यापूर्वी, बूट डिस्कवर कोणता कर्नल आहे आणि तो आपल्या चिपच्या आधीचा आहे की नंतरचा, हे पाहावे. इन्स्टॉलरमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबून, मग एंटर दाबल्यावर शेल मिळते. तेथे ‘युनेम -आर’ ही आज्ञा कर्नलची आवृत्ती सांगते, तर ‘एलएसपीसीआय -एनएन’ दिल्यावर इथरनेट कंट्रोलरच्या ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात चिपचा क्रमांक दिसतो. आपल्या वर्णनावरून तो १०ईसी:८१२५ असणार. पहिला भाग रिअलटेक कंपनीचा, दुसरा चिपचा. डेबियन १० चा कर्नल ४.१९ आहे आणि या चिपची ओळख आर८१६९ ड्रायव्हरमध्ये आली ती नोव्हेंबर २०१९ मधल्या कर्नल ५.४ पासून. म्हणजे यादीतून आपण निवडलेला ड्रायव्हर योग्य नावाचाच होता आणि तो चढतही होता; फक्त त्याच्याजवळच्या क्रमांकांच्या यादीत आपले कार्ड नव्हते. डीव्हीडीवरून नेटवर्कशिवाय इन्स्टॉल केले असते तरी संगणकावर तोच ४.१९ बसला असता आणि अडचण फक्त दुसऱ्या दिवसावर गेली असती.

तेव्हा डिस्कच बदला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ चा कर्नल ६.१२ आहे, त्याची नेटइन्स्ट प्रतिमा पेनड्राइव्हवर घ्या. डेबियन १० चा दीर्घकालीन आधारही जून २०२४ मध्ये संपला आहे, त्यामुळे चार लोक वापरणार असलेल्या संगणकावर ते घालणे तसेही योग्य नव्हते.

नव्या डिस्कवरही अडले, तर अडथळा कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखावे. वरील आज्ञेत इथरनेटची ओळच नसेल, तर बायोसमध्ये मदरबोर्डवरचे लॅन बंद केलेले आहे का ते पाहावे. तेथे ड्रायव्हरचा काही संबंध नाही. ओळ आहे, पण ‘एलएसपीसीआय -एनएनके’ दिल्यावर खाली वापरातील ड्रायव्हरचे नाव येत नसेल, तरच ड्रायव्हरचा प्रश्न. नाव येते, पण नेटवर्कवरचा पत्ता मिळत नसेल, तर केबल खोचण्याच्या जागेवरचा बारीक दिवा पाहा. तो लागत नसेल तर केबल किंवा राउटरचे दुसरे टोक तपासा. लॉगमध्ये (ऑल्ट आणि एफ४) आर८१६९ ला फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारी छोटी आज्ञावली) मिळाले नाही अशी ओळ दिसली, तरी घाबरू नये. बहुतेक रिअलटेक इथरनेट कार्डे त्याविनाही चालतात.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमचे वायफाय आहे. डेबियन १२ पासून फर्मवेअर डिस्कवरच असते असे ऐकले होते, तरी इन्स्टॉलर ते मागतोच. असे का?

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने तसे ठरवले आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून अधिकृत डिस्कवर मुक्त नसलेले फर्मवेअरही येऊ लागले. परंतु ज्याच्या पुनर्वितरणाची परवानगी आहे तेवढेच डिस्कवर ठेवता येते, आणि बी४३ ड्रायव्हरने चालणाऱ्या जुन्या ब्रॉडकॉम कार्डांच्या फर्मवेअरला ती नाही. त्यासाठी डेबियनमध्ये वेगळे पॅकेज आहे, जे इन्स्टॉलनंतर नेटवर्कवरून फर्मवेअर आणून बसवते. तोवर केबल वापरा. केबलची सोय नसेल, तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट केबलने संगणकाला देण्याची सोय) सुरू करा आणि मगच नेटवर्क शोधण्याची पायरी पुन्हा चालवा. इन्स्टॉलरला तो फोन बहुधा साध्या इथरनेट कार्डासारखाच दिसतो.