मेनफ्रेमवर बॅच जॉब अबेंड झाल्यावर (मधेच बंद पडल्यावर) रीस्टार्ट केला, तर नवीनच एरर का येते?

तुमच्या जॉबची तिसरी स्टेप एसबी३७ या अबेंडने पडली, तुम्ही स्पेस वाढवून तिथूनच रीस्टार्ट केलं आणि आता ‘डेटासेट नॉट फाउंड’ (फाइल सापडत नाही) येतंय. स्पेस वाढवली ते बरोबरच. एसबी३७ म्हणजे व्हॉल्यूमवर (डिस्कवर) जागा उरली नाही किंवा एक्स्टेंट (फाइलला मिळणारे जागेचे तुकडे) संपले. एसडी३७ असता तर सेकंडरी स्पेस (पहिली जागा भरली की मिळणारी वाढीव जागा) दिलेलीच नाही असं समजायचं.

नवीन एरर मला जीडीजीची वाटते. जीडीजी म्हणजे एकाच नावाखाली क्रमाने ठेवलेल्या फाइली, त्यातली प्रत्येक एक जनरेशन: (०) सध्याची सर्वात नवी, (+१) तिच्या पुढची. पहिली स्टेप (+१) जनरेशन तयार करते आणि तिसरी तीच (+१) म्हणून वाचते, बरोबर? जॉब चालू असेपर्यंत (+१)चा अर्थ बदलत नाही, म्हणून एरवी हे बिनबोभाट चालतं. पण तो जॉब संपला आणि ती जनरेशन कॅटलॉगमध्ये (सिस्टमच्या फाइलींच्या नोंदवहीत) (०) झाली. रीस्टार्टमध्ये पहिली स्टेप चालणारच नाही, मग (+१) येणार कुठून? वाचणाऱ्या डीडीत (स्टेपला फाइल जोडणाऱ्या ओळीत) (०) करा, पुढे (+२) तयार होत असेल तर तिथे (+१). काही शेड्युलर हा हिशेब स्वतः करतात, ते आधी बघून घ्या. आणि जॉब संपला की जेसीएल (जॉबच्या या सगळ्या ओळी) पूर्ववत करा. नाहीतर पुढच्या रनला जुनाच डेटा वाचला जाईल आणि रिटर्न कोड मात्र साळसूदपणे शून्य!

सगळा जॉब पहिल्यापासून चालवायचा असेल तर अर्धवट रनच्या साध्या फाइली आडव्या येतात. एसएमएसखाली (फाइल कुठे ठेवायची हे सिस्टमच ठरवते तिथे) जॉब ॲलोकेशनलाच, म्हणजे फाइलला जागा देतानाच, पडतो, हे बरंच म्हणायचं. एसएमएस नसेल तर नवी फाइल दुसऱ्या व्हॉल्यूमवर बनू शकते, सिस्टम मेसेजमध्ये ‘नॉट कॅटलॉग्ड २’ एवढी एक ओळ येते, आणि पुढची स्टेप कॅटलॉगमधून जुनीच फाइल उचलते. म्हणून सुरुवातीला आयईएफबीआर१४ची (स्वतः काहीच न करणाऱ्या प्रोग्रामची) एक स्टेप ठेवा, डिस्प (मॉड,डिलीट,डिलीट), म्हणजे जुनी फाइल तिथेच पुसली जाते. फाइल नसली तरी ती अडत नाही, फक्त स्पेस द्यायला हवी, आणि एसएमएस नसेल तर युनिटही.

आता कंडबद्दल, म्हणजे स्टेप वगळायच्या अटीबद्दल. कंड=(४,एलटी) म्हणजे आधीच्या कुठल्याही स्टेपच्या रिटर्न कोडपेक्षा ४ लहान असेल तर ही स्टेप *वगळा*. अट खरी ठरली की स्टेप चालत नाही, हा उलटा कारभार भल्याभल्यांना चकवतो. शिवाय न चाललेल्या स्टेपला रिटर्न कोडच नसतो, त्यामुळे रीस्टार्टमध्ये तिच्या रिटर्न कोडवर अवलंबून असलेली कंड तपासलीच जात नाही. नवीन जेसीएलमध्ये मी सरळ इफ-देन-एल्स लिहितो. इतकं करूनही अडलं, तर त्या स्टेपचे सिस्टम मेसेज आणि तिची डीडी कार्डं इथे टाका.